तिसऱ्या खांबापर्यंत सायकल

१९ नोव्हेंबर, बुधवार

सलोनीने ही वही ठेवायला सांगितली आहे. सलोनी म्हणजे जयवंतची फिजिओ, आठवड्यातून तीनदा येते, केसांचा बुचडा बांधते आणि माझ्याशी बोलताना आवाज उगाच मऊ करते. "काकी, रोज काय सुधारणा दिसली ते दोन ओळींत लिहा." बत्तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात हेडक्लार्की केली, दोन ओळींत कधी काही आटपलं नाही. बघू.

तर नोंद. जयवंत, माझा नवरा, वय त्रेसष्ट. चौदा ऑक्टोबरला दात घासताना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. दहा नोव्हेंबरला घरी आणलं. पाय काठी धरून पंधरा-वीस पावलं चालतो. हात मांडीवर नुसता पडून असतो. बोलणं 'हं' आणि 'नको'. त्यावाचून फारसं अडत नाही, कारण त्याला काय म्हणायचंय ते मला आधीच कळतं आणि मी बोलून टाकते. डॉक्टर म्हणाले, हाताचं आणि बोलण्याचं जे परत यायचं ते बहुतेक सहा महिन्यांत येतं. त्यातला एक संपला.

सलोनी त्याला कपड्यांचे चिमटे देते आणि उजव्या हाताने दोरीला लावायला सांगते. तो चिमट्यांकडे ढुंकून बघत नाही. ती गेली की व्यायाम राहायला नको म्हणून मी त्याचा हात हातात धरून चिमटे लावते. म्हणजे खरं तर मीच लावते.

सुधारणा: नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी तात्या आले. जयवंतचे मासेमारीतले गुरू. वय पंच्याहत्तर, गिरणीतून निवृत्त, अजून ताठ. अकरा मजले लिफ्टने येऊनही जिना चढल्यासारखा श्वास घेतात, कारण लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही.

शिवडीच्या जुन्या धक्क्यावर ही आठ-दहा माणसं दर रविवारी भरतीच्या वेळी गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, जातात. प्रत्येकाची जागा ठरलेली. जयवंतची तिसऱ्या खांबाजवळ, अठरा वर्षं. तिथे खाली पायऱ्या आहेत आणि मोठा मासा पायऱ्यांशी येतो म्हणतात. नियम असा की लागोपाठ तीन रविवार तुमची गरी पाण्यात पडली नाही तर जागा पुढच्या माणसाला. जयवंतच्या मागे गौतम नावाचा माणूस चार वर्षं थांबला आहे.

"हॉस्पिटलात होता तवर आम्ही मोजला नाय," तात्या म्हणाले. "घरी आल्यापासून दोन रविवार गेले वहिनी. पुढचो तिसरो."

मी म्हटलं, आजारी माणसाला कसला नियम लावता. तात्या म्हणाले, नियम मोडला तर उद्या कोणीही कसंही वागेल, आणि मग म्हणाले की माणूस न आला तरी चालेल, सामान त्याचं हवं. घरातल्या कोणीही येऊन त्याच्या रॉडने गरी टाकली तरी जागा राहते.

आम्हाला मूलबाळ नाही. घरातलं कोणीही म्हणजे मी.

मी गिरगावची, शाकाहारी घरातली. ऑफिसात जयवंतला अरे-तुरे करत होते, लग्न झाल्यावर सासूबाईंसमोर तेवढं अहो. चौतीस वर्षं मासे साफ करते, तळते, वाढते. खात नाही. पाण्यातून मासा बाहेर येताना मी जन्मात पाहिलेला नाही.

तात्या बोलत होते तेव्हा जयवंत खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी विचारलं, "मी जाऊ का सामान घेऊन?" तो म्हणाला, "नको." हा त्याचा स्वाभिमान. मला कळतो. ती जागा गेली तर हा माणूस पुन्हा उठून उभा राहणार नाही, मला अगदी आतून माहीत आहे. मी तात्यांना सांगितलं, "तो हो म्हणतोय. मी येते."

३० नोव्हेंबर, रविवार, शुद्ध दशमी

सामान असं: तीन रॉड, एक लोखंडी पेटी, बादली, डब्यात बर्फावर कोळंबी. टॅक्सीवाल्याने कोळंबीचा वास घेतला आणि हात जोडले. दुसऱ्याने रॉड बघूनच मीटर झाकला. म्हणून मग जयवंतची सायकल. काळी, उंच, पुरुषी सायकल. मला चालवता येत नाही. ढकलता येते.

जयवंत रॉड दांड्याला बांधून, पेटी कॅरियरवर ठेवून पंधरा मिनिटांत शिवडीला पोचायचा. मी रॉड काल दुपारीच बांधून ठेवले होते, फाइलींच्या गठ्ठ्याला बांधतात तशी फुलाची गाठ मारून. बत्तीस वर्षांत माझा एक गठ्ठा कधी सुटला नाही. पण गठ्ठ्यांना काळाचौकीचे खड्डे लागत नव्हते. सिग्नलला रॉड घसरून आडवे झाले आणि एका स्कूटरवाल्याच्या पोटाला टोचले. तो म्हणाला, "आजी, लढाईला चाललात काय?" मी एकसष्ट वर्षांची आहे. आजी म्हणण्याजोगी दिसते हे मला ठाऊक नव्हतं.

तीनदा थांबून बांधलं. पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. धक्क्यावर सगळे वळून बघायला लागले. गौतम पुढे झाला. चाळिशीचा, चष्मेवाला, बँकेत नोकरीला. ज्याची जागा मी अडवायला आले होते त्यानेच दोऱ्या सोडल्या, गरीला कोळंबी लावली आणि रॉड हातात दिला. "टेन्शन नका घेऊ वहिनी. मागे न्यायचा आणि सोडून द्यायचं."

मी मागे नेला आणि सोडलंच नाही. गरी माझ्या पदराला अडकली. दुसऱ्या खेपेला दगडावर पडली. तात्या म्हणाले, "नाय पडली." तिसऱ्या खेपेला पाण्यात. तात्यांनी मान हलवली. जागा राहिली.

घरी येऊन जयवंतला सगळं सांगितलं. रॉड घसरले ते सांगताना त्याने तोंड फिरवलं. त्याला लाज वाटली असणार.

सुधारणा: नाही.

७ डिसेंबर, रविवार, संकष्टी

आज धक्क्यावर मला पहिल्यांदा मान मिळाला. सगळे मोबाइलमध्ये भरतीची वेळ शोधत होते आणि कोणाच्या मोबाइलला रेंज नव्हती. मी म्हटलं, वद्य तृतीया आहे, सव्वादोनला भरती. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमका हिशेब येता?"

यात काय यायचंय. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. जयवंतच मला दर शनिवारी विचारायचा, आज तिथी कुठली, आणि बोटांवर मोजायचा. तिथ्या मला तोंडपाठ, उपास माझे, मासे त्याचे. उपाशीपोटी उन्हात उभी राहून मी आज पाच वेळा गरी टाकली. पाचही वेळा पाण्यात. भरती दोन वाजून वीस मिनिटांनी आली.

१३ डिसेंबर, शनिवार

दुपारी रॉड बांधून सायकल बाहेर पॅसेजमध्ये ठेवली आणि कमलला बसवून मारुतीला आणि बाजारात गेले. कमल दिवसभर असते, जयवंतला आंघोळ घालण्यापासून सगळं करते, म्हणजे मी तिच्या पाठीशी उभी राहून करून घेते. परत आले तर जयवंत खुर्ची टाकून पॅसेजमध्ये बसलेला.

"काकांना इथेच बसायचं होतं," कमल म्हणाली. "हवा येते ना इथे."

कसली हवा. समोरच्यांच्या बुटांचं कपाट आहे तिथे. पण घरातल्या घरात बसून कंटाळला असेल. त्याच्या कपाळावर घाम होता. मी पुसला आणि त्याला आत घेतलं.

१४ डिसेंबर, रविवार, वद्य दशमी

आज रॉड एकदाच थोडे घसरले. हात बसतोय माझा. फुलाचे कानही दोरीच्या आत नीट खोचलेले होते. कमलला पसारा बघवत नाही, तिने खोचले असतील.

आणि मासा लागला. शिंगाळा. रॉड वाकला. ओढून वर काढला, मिशाळ, करड्या रंगाचा, आणि तो चक्क कुरकुरला. शिंगाळा आवाज करतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं मी तो मुका समजून चिरत होते. गौतमला म्हटलं, सोडून द्या त्याला. कोणी हसलं नाही. तात्यांनी स्वतः सोडला.

घरी आल्यावर आधी रडले, मग चहा केला.

४ जानेवारी, रविवार

मधले तीन आठवडे लिहिलं नाही, कारण जात होते, टाकत होते, येत होते. पन्नास मिनिटांत पोचते आता. काळाचौकीचा चहावाला ओळखतो. गाठी इतक्या पक्क्या बसतात की आज गौतमला सोडवायला वेळ लागला. "वहिनी, गाठ भारी मारता हां तुम्ही." मी म्हटलं, ऑफिसची सवय आहे. फुलाची गाठ मारायचं मी सोडून दिलं असावं असं वाटतं, कारण हल्ली गाठच दिसत नाही, दोरीचे नुसते एकाला एक लागून वेढे दिसतात. हात आपसूक शिकतो म्हणतात ते खरं असावं.

शनिवारी जयवंत पॅसेजमध्ये बसायला मागतो. मागतो म्हणजे काठीने दाराकडे दाखवतो. मी बाहेर जाईपर्यंत उठत नाही. मी असताना तिथे बसायला त्याला आवडत नाही, असं कमलच म्हणाली. हे जरा लागलं मला.

११ जानेवारी, रविवार, वद्य अष्टमी

फजिती. रॉडवरची रिळं सुकी वाटली म्हणून परवा मी तिन्ही रिळांना तेल घातलं. घरात उत्तम तेल एकच असतं, खोबरेल. जयवंतच्या डोक्यालाही तेच आणि माझ्या गुडघ्यालाही. आज सकाळी धक्क्यावर गारठा. तिन्ही रिळं गच्च. गौतमने उघडलं तर आत पांढरं लोणी. अख्खा धक्का हसला. तात्यांनी रीळ नाकाशी नेऊन म्हटलं, "वास चांगलो येता. मोदक करूया." शेवटी रिळं उन्हात धरून बसलो सगळे, वितळेपर्यंत.

घरी सांगितलं तर जयवंतच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसला. नव्वद दिवसांत पहिल्यांदा. उजवी बाजूही थोडी हलली असं मला वाटतं, पण मी पक्षपाती आहे.

सुधारणा: हसला.

२० जानेवारी, मंगळवार

सलोनीने हाताची पकड मोजली. तिचं एक यंत्र असतं, दाबलं की आकडा दाखवतं. मागच्या महिन्यात दोन होता, आज सात. तिने तीनदा मोजून पाहिलं. "काकी, घरी काय करून घेता तुम्ही?"

मी सांगितलं, खोबरेल तेलाचं मालिश, सकाळ-संध्याकाळ वीस वीस मिनिटं. आणि चिमटे. सलोनी जयवंतकडे बघत होती. "काका, खरं का?" मीच म्हटलं, "खरंच तर." कमल स्वयंपाकघरात उगीच भांडी वाजवत होती. तिला मालिशचं श्रेय हवं असेल, तीही करते अधूनमधून.

माझ्या हाताला यश आलं. किती दिवसांनी असं वाटलं.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

वाईट दिवस. शुक्रवारपासून जयवंतला ताप. शनिवारी तो झोपून होता, मी बाजारात धावत जाऊन धावत आले. आज भरती संध्याकाळी सव्वापाचला. जाऊ नये वाटत होतं, पण मागचा रविवार तात्यांच्या दातदुखीत आणि माझ्या पाहुण्यांत गेला होता, उगाच मोजणी सुरू व्हायला नको. कमल म्हणाली, मी आहे, जावा.

कॉटन ग्रीनच्या वळणावर सगळे रॉड सुटले. घसरले नाहीत, सुटले. एकावरून टेम्पो गेला. जयवंतचा जुना, सगळ्यात लाडका. दोन तुकडे. मी रस्त्याच्या मध्यावर उभी, हातात फुलाची गाठ तशीच्या तशी, आणि मला कळेना की सहा आठवडे जे जमत होतं ते आजच कसं विसरले. शेजारच्या दुकानातल्या माणसाने तुकडे उचलून दिले, पाणी दिलं.

तरी गेले. उरलेल्या रॉडने गरी टाकली.

जयवंतला सांगायला तोंड नव्हतं. सांगितलं. तो तुकड्यांकडे बघत राहिला आणि मग त्याने डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. ताप होता त्याला, हात गरम होता. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

१ फेब्रुवारी, रविवार, माघी पौर्णिमा

ताप उतरून चार दिवस झाले. काल बांधलेले रॉड आज धक्क्यापर्यंत तसूभर हलले नाहीत. म्हणजे मागच्या रविवारी माझं मन ठिकाणावर नव्हतं, एवढंच.

गौतम सोडायला आला तर तात्यांनी त्याला थांबवलं. सायकलजवळ गुडघे टेकून बसले आणि दोरीवरून अंगठा फिरवत राहिले. "ह्या कोणी बांधल्यान?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

तात्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, जयवंत कसा आहे, शनिवारी दुपारी काय करतो. मी म्हटलं, काय करणार, पॅसेजमध्ये बसतो. "बसता तर," तात्या म्हणाले आणि उठताना माझ्याऐवजी सायकलच्याच सीटवर थोपटलं. वयाने हळवे झालेत.

८ फेब्रुवारी, रविवार

तात्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. प्लास्टिकची, लाल, हातांची. तिसऱ्या खांबाजवळ ठेवली. माझे गुडघे दुखतात हे त्यांच्या लक्षात आलं असणार. मला फार बरं वाटलं, पण इतके सगळे उभे असताना मी एकटी कशी बसू. मी म्हटलं, नको तात्या, न्या परत. ते म्हणाले, "असांदे. लागात कधीतरी." दिवसभर रिकामी राहिली.

शनिवारी तात्या आमच्याकडे येऊन गेले असं कमल म्हणाली. मी नेमकी बाजारात होते. दीड तास बसले म्हणे, पॅसेजमध्येच. जाताना काही निरोप नाही. या पुरुषांना एकमेकांजवळ नुसतं बसता येतं, त्याचं मला नवल वाटतं.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र

आज कोणी गरी टाकत नाही. घरी होते. दहा वाजेपर्यंत मी तीनदा खिडकीशी जाऊन आले. पावणेदहाची भरती होती आज, वाया गेली.

२२ फेब्रुवारी, रविवार, शुद्ध पंचमी

हे लिहू की नको असं झालं होतं, पण ही वही कोण वाचणार. सलोनीने पहिल्या आठवड्यानंतर कधी मागितली नाही.

पावणेचारची भरती. चार वाजता रॉडला असा हिसका बसला की मी खांबावर आपटले. गौतम धावला, मी म्हटलं, हात लावू नका. दहा मिनिटं तो ओढत होता आणि मी ओढत होते. पायऱ्यांशी आला तेव्हा दिसला, चांदीच्या ताटासारखा. जिताडा. साडेतीन किलो. तात्या म्हणाले, या खांबावर पाच वर्षांत असा आला नव्हता. गौतमने फोटो काढला. फोटोत माझे केस पिंजारलेले, पदर खोचलेला, तोंड उघडं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझा असा फोटो नाही.

हा मासा मी सोडला नाही.

आणि तिथे, सगळे टाळ्या वाजवत असताना, गौतम म्हणाला, "भाऊ आले की त्यांना जागा द्यावी लागेल हां वहिनी, मग तुम्ही काय करणार?" तो गंमतीने म्हणाला. मी हसले. पण मनात आलं ते हे: आत्ताच आला नाही तर बरं.

ज्याच्यासाठी मी ही जागा धरून ठेवली त्याने ती इतक्यात मागू नये असं मला वाटलं. एक क्षण नाही, चांगली पाच-सात मिनिटं. लाज वाटते आहे. तरी खरं आहे.

घरी येऊन जिताडा दाखवला. जयवंतने त्याच्या कल्ल्याखाली बोट घालून बघितलं, ताजा आहे का, नेहमी बघायचा तसं. कुठल्या हाताचं बोट ते मी बघितलं नाही, मी सुरी शोधत होते.

१ मार्च, रविवार, शुद्ध त्रयोदशी

दुपारचे तीन वाजलेत. तो झोपला आहे.

सकाळी पावणेदहाची भरती म्हणून मी साडेआठला निघाले. कमल आज नेहमीपेक्षा लवकर आली होती आणि मला घाई करत होती. नऊ वीसला धक्क्यावर पोचले तर लाल खुर्ची रिकामी नव्हती.

जयवंत बसला होता. दाढी केलेली, हनुवटीखाली एक पट्टा राहिलेला. शेजारी तात्या. टॅक्सीने आणलं त्यांनी. मी सायकल तशीच भिंतीला टेकवून धावले आणि पहिलं काय बोलले तर, "ह्याला टोपी कोणी नाही घातली?"

गौतम त्याच्यासमोर वाकला. "भाऊ, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय त्याला," मी म्हटलं. "फक्त ऊन लागतंय."

तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, त्याने जयवंताला विचारल्यान."

मी गप्प बसले. खूप वेळ गेला. मग जयवंत म्हणाला, "ब. बरं." ते मी आधीच सांगितलं होतं. पण गौतमच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या 'बरं'ने आलं नव्हतं.

मग जयवंत उठला. काठी टेकत सायकलपाशी गेला. गौतम सवयीने दोऱ्या सोडायला पुढे झाला, तर तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मीही पुढे होत होते. तात्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

जयवंतने काठी सीटला अडकवली. उजव्या हाताचा अंगठा वेढ्यांवर दाबला. अंगठा दोनदा निसटला. डाव्या हाताने तो तिसऱ्या आणि चौथ्या वेढ्याच्या मध्ये चाचपायला लागला आणि तिथून दोरीचं टोक बाहेर काढलं. कुठे आहे ते त्याला माहीत होतं. मला ते टोक सात जन्मांत सापडलं नसतं, कारण ते तिथे मी ठेवलंच नव्हतं.

सव्वीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते, माझी सवय. एकेक वेढा. कोणी गरी टाकली नाही. भरती येऊन उभी राहिली. मला तोवर सगळं कळलं होतं. पॅसेज कळला, कपाळावरचा घाम कळला, तापाचा शनिवार कळला, खुर्ची कोणासाठी होती तेही कळलं. कमलला माहीत होतं, तात्यांना माहीत होतं. मला सगळ्यात आधी राग आला. माझ्यापासून काय म्हणून लपवायचं? मी काय शत्रू होते? रडू राग गेल्यावर आलं. दर शनिवारी मी घराबाहेर पडायची वाट बघत होता तो, हाताला काम द्यायला. मी घरात असते तेव्हा त्याच्या हाताला काम उरत नाही.

पहिला रॉड सुटला. त्याने तो काखेत धरला आणि तिसऱ्या खांबाकडे निघाला. खांबाजवळ शेवाळ आहे. मी त्याचा कोपर धरला. खांबाशी आलो. मी जागा सोडून बाजूला झाले, म्हणजे शरीराने झाले. मनाला वेळ लागला, खोटं कशाला लिहू.

गौतमने गरीला कोळंबी लावून दिली. जयवंतने रॉड दोन्ही हातांनी धरून मागे नेला आणि तसाच थांबला. मला वाटलं दमला. मी म्हटलं, "दमलाय तो, बसवूया."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"हात सोड," तो म्हणाला.

जड जिभेने, पण दोन्ही शब्द पुरते. सगळ्यांना ऐकू गेले. साडेचार महिने मी वाट बघत होते की तो माझ्याशी बोलेल. पहिला शब्द माझं नाव असेल असं मी मनात धरलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. खाली बघितलं तर त्याचा कोपर अजून माझ्या मुठीत होता, शर्टाला सुरकुत्या पडेपर्यंत आवळलेला.

मी हात सोडला. तो डुलला. मी माझे दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक घट्ट धरले. गरी किती लांब गेली, पाण्यात पडली की दगडावर, मला माहीत नाही. मी त्याच्या पायांकडे बघत होते. पाय जागेवर होते.